डब्यावरची माय

(महागावच्या फाट्यावरून तांड्याकडे जाणारी पांदण. साल १९६१.)

रूपसिंग: गुरुजी, पाय उचला जरा. बानं डबा सकाळच्या गाडीनं नेला. आता चार वाजून राह्यले.

बापूजी मास्तर: मी पळूनच राहिलो बाबा. पण डब्यावर 'विष' असं लिहिलं होतं ना? लाल अक्षरात?

रूपसिंग: लिवलं होतं. पन तांड्यात वाचते कोन? बाले म्हटलं, म्या काढलेलं चित्र डब्यावर लागलं, मायले, आपल्या याडीले दाखव. आत काय हाय, ते सांगाचं राह्यलं.

बापूजी मास्तर: सेठनं भरलेला डबा तुला दिलाच कशाला?

रूपसिंग: चित्र पसंत पडलं म्हून. पऱ्हाटीवरची कीड माराची पूड हाय, तुया बाच्या वावरात कामी येईन म्हने.

बापूजी मास्तर: घनश्याम सेठला चित्रकलेच्या वर्गात मीच आणून बसवलं. नुसत्या घागरी अन् पेरू काढून पोरांचं पोट भरत नाही, आठ दिवस खऱ्या दुकानदाराचं काम करू द्या म्हटलं. फार मिरवलो मी त्या आठ दिवसांत.

रूपसिंग: मी पहिले कवटी काढली होती, गुरुजी.

बापूजी मास्तर: आठवते. कवटी पाहून गिऱ्हाईक पळते, भरलं घर दाखवा, असं सेठ म्हणाला. अन् मी मान डोलावली.

रूपसिंग: मंग मी याडीचंच तोंड काढलं. मांडीवर आमची सुखी. दादाची पोरगी, अजून वर्षाचीबी नाही.

बापूजी मास्तर: घाबरू नको. पुडीला वास असतो.

रूपसिंग: शाळेत दुधाची पावडर वाटतात ना, तिच्या पिंपावर लेकराचंच चित्र असते. याडीनं ते पाह्यलं हाय. पूडबी तशीच पांढरी.

बापूजी मास्तर: हे तुला आज सुचलं?

रूपसिंग: गाडी गेल्यावर सुचलं. ते पाहा, आमचं घर. याडी, ओ याडी, सुखी कोठी हाय?

लालीबाई: आला का रूपा? हे तुये मास्तर काय? बसा मास्तर, पानी आनतो.

रूपसिंग: पानी राहू दे. त्या डब्यातलं कोनाले देल्लं का? लवकर सांग.

लालीबाई: देनारच होती. पोरगी भुकेनं रडून राह्यलती. वाटीत पानी घेतलं, दोन चमचे पूड कालवली.

रूपसिंग: याडी...

लालीबाई: ऐक तं. घरात नवं अन्न आलं का पहिले देवाचं. चुलीतल्या इंगळावर चिमूटभर भोग टाकला. असा घान धूर निंगाला का डोये चोळून चोळून जीव गेला. देवानं नाही घेतलं, ते मी लेकराले कशी देऊ? वाटी तशीच खड्ड्यात पुरली. सुखी तिच्या मायच्या कडेवर हाय, मांगं.

रूपसिंग: गुरुजी, मले बसू द्या.

बापूजी मास्तर: लालीबाई, ते विष होतं. याच्यावर रागावू नका, चूक माझी आहे. सेठ म्हणजेच गिऱ्हाईक, एवढंच मी पोरांना शिकवलं. डबा जिच्या हाती पडणार, त्या बाईला चित्र दाखवायचं मला सुचलं नाही.

लालीबाई: विष? अन् त्याच्यावर माह्यं तोंड?

रूपसिंग: घरचं सुख काढ म्हने. मले तूच दिसली.

लालीबाई: ते तोंड पाहूनच म्या झाकन उघडलं, रूपा. लेकानं पाठवलं, म्हटलं, खाचंच असन.

रूपसिंग: मले भेव वाटते, याडी. अजूनबी वाटते.

लालीबाई: इकडं ये. मास्तर, असे किती डबे हायेत?

बापूजी मास्तर: आणखी एकोणीस. सेठच्या दुकानात आहेत. उद्या सकाळी बाजारात मांडणार.

लालीबाई: मंग त्या एकोणीस घरी आधी भोग कोन टाकन?