आवाज कापतो म्हणून

"दोघांच्या बोलण्यात कान घालू नये," अशी आईची ताकीद. पण घशाच्या दवाखान्यातल्या एकाच बाकावर बसलेली शिंपीण कान ठेवणार कुठे? शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, किती वेळा उठशील? बस की!"

"बसवत नाही गं. मागच्या खेपेलाच गाणं बंद म्हणालेत डॉक्टर. चर्चचा क्वायर कोण सांभाळणार?"

"सांभाळेल कुणीतरी. तुझ्यावाचून देव काही उपाशी राहत नाही."

"थट्टा नको. हा त्याचाच बडगा आहे. क्वायरमधल्या म्हाताऱ्या मावशींना मी सगळ्यांदेखत म्हटलं, तुमचा आवाज कापतो, उद्यापासून मागे बसा. आता माझाच घसा बसला."

"देव सूड उगवतो होय? तुझ्या लेकानं शेजारच्या पोराला मारलं, तेव्हा तू त्याला घरात का कोंडलंस?"

"माझा आहे म्हणून! शेजारच्या पोराला कशाला कोंडेन?"

नणंदेनं तिच्याकडे बघून मान डोलावली. भावजय पुन्हा उठली, पुन्हा बसली.

"चर्चच्या पाळकांना शब्द दिलाय, मावशींची माफी मागेन म्हणून. म्हटलं, आवाज आला की जाऊ."

"आणि नाहीच आला तर?"

आतून हाक आली, "क्वायरवाल्या बाई, या."

भावजय उठली. पर्स खांद्याला लावून शिंपिणीकडे वळली.

"ताई, माझ्या जागी तुम्ही जा आत."

"अगं वहिनी, सकाळपासून बसलोय आपण!"

"मावशी दुपारच्या झोपतात. त्याआधी पोचायला हवं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि जिना उतरू लागली.