आईचं मत

मिलवॉकीतल्या वकिलाच्या कचेरीत ऑर्विल बायकोच्या मृत्युपत्राच्या कामासाठी बसला होता. शेजारी एक बहीण-भाऊ होते. त्यांची आई नुकतीच गेली होती. घरच्या पंपाच्या कारखान्यात तिचे मताधिकाराचे शेअर होते. त्यांची किंमत आज ठरायची होती आणि त्या किमतीवर वारसा कर लागणार होता. ऑर्विलला ऐकायचं नव्हतं, पण खुर्च्या लागूनच होत्या.

“इंग्रिड, आत विचारलं तर सांग, आईचं मत कधी लागलंच नाही. किंमत उतरेल.”

“खोटं सांगू?”

“खोटं काय त्यात? तुझे माझे शेअर सारखे. दरवर्षीच्या सभेत आपलं एकमत व्हायचं, ती नुसता हात वर करायची.”

“चेरीचा केक समोर ठेवून. ठराव झाल्याशिवाय तुकडा नाही.”

“आणि तू आधीच बशी पुढे करून बसलेली!”

“रोलंड, तुला पंपांचे भाग ओतायची ओतशाळा विकायची होती. मला नको होती. तेव्हा एकमत कसं झालं?”

“झालं कसंतरी.”

“कसंतरी? ती म्हणाली, ‘पोरांनो, मला तुमच्यातलं एक निवडायला लावू नका.’ आपण अंगणात जाऊन कडाकडा भांडलो आणि एक होऊन आत आलो.”

“कर वाढला तर आता ओतशाळा विकावीच लागेल, बाई.”

“आपलं जमलं नाही, मतं सारखी पडली, तर विकायची की नाही, ते कोण ठरवणार?”

“आईला विचारलं असतं.”

“मग हेच सांगू आत?”

रोलंडने मांडीवरची टोपी उचलली.

“हेच सांग.”