खालच्या आळीची पाटी

…आणि वर मलाच विचारतात, "काय उमेश, लागली ना तुझी पाटी? आता खूश?" खूश! अहो, कसला खूश? अर्ज मी लिहिला, जव्हार-खोडाळा जीप उभी ठेवून तीनदा नगरपालिकेच्या साहेबाच्या दारात मी बसलो, आणि पाटी लागली कुठं? विचारा! विचारा तरी!

बरं, पहिल्यापासून ऐका. आमच्या दोन आळ्या मिळतात तो चौक. चौक आपला म्हणायला, एक नळ आणि एक उघडं गटार. वरच्या आळीचा उतार थेट त्या नळावर येतो, आणि त्या उतारावरून येतो हेमंत, भिकाबाबांचा नातू. त्याच्या मोटारसायकलला ब्रेक असावा असा आमचा समज आहे, अजून कुणी पाहिला नाही. तर जूनमध्ये आमची प्रगती, पहिलीतली पोर, शाळेला निघाली, चौक ओलांडतेय, आणि आला हा… तुम्हाला सांगतो, दप्तर इकडं, डबा तिकडं, पोर गटारात! गुडघा फुटला, वाचली. पण मी दारातून बघत होतो हो! घाटातून जीप काढणारा माणूस मी, त्या दिवशी दारातली जीप विसरून पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळत गेलो.

म्हणून मागितली पाटी. उताराच्या तोंडाला 'थांबा' लिहा, बास! साहेब चहाचा घोट घेत म्हणाले, "पाटी देऊ हो, पाटीचं काय एवढं! पण आळ्यांनी आधी ठरवा, थांबायचं कोणी?"

झालं! थांबायचं कोणी?

नळापाशी बैठक भरली. भिकाबाबा तंबाखू मळत मळत आले, "आमी थांबायचा? अरं, आमच्याकडं गणपती हाय!" आता तुम्ही म्हणाल, गणपतीचा काय संबंध? आमच्याकडे बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून नाचत निघतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराण्याचं हे पणजोबाच्या आधीपासून ठरलेलं. गणपती पहिला, तो भिकाबाबांच्या घरचा. त्याच्यापुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि आमच्या घरचं सोंग कुठलं? महिषासुर! सगळ्यात शेवटी यायचं, तेसुद्धा मरायला!

मी म्हटलं, "बाबा, बोहाडा वर्षातून एकदा, मोटारसायकल रोज! आणि गणपती डुलत डुलत येतो, हा साठच्या स्पीडनं येतो!"

"मान तो मान," बाबा थुंकून म्हणाले. "गाडी आली म्हनून मान जातो का रं?"

नवशीकाकू हंडा टेकवून म्हणाली, "सोंगाचीच वळ बरी, पयला गणपती, मागनं बाकीचे. भांडान नाय, काय नाय." सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी! आमच्या हिनं, शीलानंसुद्धा! वर म्हणते, "आपल्या घरानं कधी कुणाच्या पुढं पाऊल टाकलंय?" आता ही कुणाच्या बाजूची, सांगा!

साहेबांनी सुटलो म्हणत सही ठोकली. आठ दिवसांत आली पाटी, लालभडक, आठ कोनांची, आणि लागली खालच्या आळीच्या तोंडाला. माझ्या दारासमोर! खालच्या आळीत गाड्या किती? एक. कुणाची? माझी! म्हणजे धडक दिली त्यानं, गटारात पडली माझी पोर, अर्ज केला मी, आणि थांबायचं कोणी? मीच! हेमंत तर उतारावरूनच ओरडायचा, "काका, पाटी हाय हां, थांबा!"

डोकं फिरलं माझं. म्हटलं, थांबायचं ना? थांबतो! साडेदहाला प्रगती घरातून निघाली, मी जीप काढली, पाटीपाशी थांबलो… जरा पुढं थांबलो. म्हणजे अख्खी जीप उताराला आडवी! वरून आला हेमंत, आणि कर्रर्रकन… अहो, ब्रेक होता! इतके दिवस होता!

"काका, गाडी काढा!"

"कशी काढू? पाटी वाच की!"

मागून भिकाबाबा, "काय रं उमेश, किती येळ?"

"बाबा, महिषासुर आहे मी. आधी सगळे जाऊ देत, मी शेवटी!"

आणि प्रगती? चौकाच्या मधोमध उभी राहून चपलेचा पट्टा लावला बाईसाहेबांनी. सावकाश. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पण तेव्हापासून रोज हेच. डेपोसमोर खोडाळ्याचे पॅसेंजर ताटकळतात, दुसऱ्या जीपवरचा फागू फोन करतो, "कुठं हायेस?" चौकात अडकलोय म्हटलं की हसतो, "आपल्या जव्हारात?" साहेब मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत, पाटीचा फार उपयोग झाला. पाटीचा!

म्हटलं, चला, प्रगतीची दहावी होईपर्यंत नऊ वर्षं काढू कशीतरी. तर काल शीला पदराशी चाळा करत म्हणते, "अहो, प्रगतीला भाऊ नाहीतर बहीण येतेय."

आनंद आहे हो, आनंदच आहे! पण हिशोब करा. ते जन्मणार, चालणार, शाळेत जाणार, दहावी होणार… सोळा वर्षं! आणि सोळा वर्षं त्या पाटीखाली थांबायचं कोणी?

…वाजले किती? साडेदहा? चला, येतो मी. थांबायला जायचंय.