‘तागडी’ गेममधील डाव्या हाताबाबत

नाव: प्रेम पुंजाजी काकड, वय २६ वर्षे, धंदा मोबाईल दुरुस्ती, रा. दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलडाणा.

मी आज बोलावल्यावरून पोलीस स्टेशनला स्वतः आलो असून कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने सांगतो की, मी वरील पत्त्यावर आईवडील व लहान बहीण प्रेरणा यांच्यासह राहतो. दुसरबीड येथे रोडवर माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याशिवाय मी यूट्यूबवर एक चॅनेल चालवतो. त्यावर नवीन गेम खेळून त्याबद्दल माझे मत आपल्या बोलीत सांगतो. आपल्या जिल्ह्यातली व जालन्याकडची बरीच पोरे ते बघतात व मी चांगला म्हटलेला गेम खेळतात.

माझी मते अशी आहेत की मोठ्या कंपन्या अर्धवट गेम विकतात, उरलेला भाग तुकडे करून पुन्हा विकतात, लहान पोरांना नशिबाच्या पेट्या उघडायची चटक लावतात आणि रात्रंदिवस राबणाऱ्यांची नावे शेवटच्या यादीतसुद्धा टाकत नाहीत. त्याउलट एकट्यादुकट्याने घरी बसून केलेले छोटे गेम, ज्यांना इंडी गेम म्हणतात, ते सच्चे असतात व आपण ते उचलून धरले पाहिजेत. हे मी चॅनेलवर नेहमी तावातावाने बोलतो. जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडमनी मध्येच सांगितले की गुन्ह्यासंबंधी बोला. हे गुन्ह्यासंबंधीच आहे, लिहून घ्यावे, अशी मी त्यांना विनंती केली.

फिर्यादी इंद्रभान अंभोरे, रा. सुलतानपूर, ता. लोणार, हे गावच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहतात. त्यांची मुलगी धम्मशीला हिला मी दीडेक वर्षापासून ओळखतो. तिचा चित्रे काढायचा टॅब बिघडला म्हणून ती माझ्या दुकानात आली होती. काच बदलेपर्यंत वेळ होता, तेवढ्यात तिने ती करत असलेला गेम माझ्या फोनवर टाकून दिला. गेमचे नाव ‘तागडी’. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचे दोन हात, समोर तागडी आणि पलीकडे गिऱ्हाईक, एवढेच पडद्यावर दिसते. गिऱ्हाईक घासाघीस करते, बोलता बोलता घरचे काहीतरी सांगून जाते, आणि त्याला माप किती द्यायचे, वरून मूठभर टाकायचे की नाही, ते आपण ठरवायचे. गुण मिळत नाहीत. कोणी जिंकत नाही. माझी स्वतःची गिऱ्हाइके काउंटरवर ताटकळत असताना मी तो गेम खेळत बसलो होतो. इतका चांगला गेम मी त्या वर्षी दुसरा खेळलो नव्हतो आणि तसे मी तिला सांगितले.

गेममधील बाईच्या डाव्या हाताला सहा बोटे काढलेली आहेत. मी तेव्हाच विचारले, “एक बोट काऊन जास्तीचं काढलं?” ती म्हणाली, “जास्तीचं नाही प्रेमभाऊ. माह्या आत्याले तेवढेच हायेत.” तिची आत्या म्हणजे इंद्रभान यांची बहीण जनकाबाई. त्या साखरखेर्ड्याच्या बाजारात भाजी विकतात. त्यांच्या डाव्या हातास सहा बोटे आहेत. मी त्यांच्याकडून कैकदा मिरच्या घेतलेल्या आहेत, पण तो हात मला कधी नीट दिसला नव्हता, कारण त्या उजव्या हातानेच सगळे करायच्या आणि डावा पदराखाली ठेवायच्या. तरुणपणी कोणी गिऱ्हाईक त्या हातून भाजी नको म्हणाले होते, तेव्हापासूनची ती सवय, असे धम्मशीलाने सांगितले. गेम पाहिल्यावर त्या बराच वेळ फोनकडे व आपल्या हाताकडे बघत राहिल्या आणि पुढच्या बाजाराला त्यांनी तागडी डाव्या हाताने धरली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मला सुटे पैसेही त्यांनी त्याच हाताने परत दिले.

वरील सर्व मला तो व्हिडिओ करण्याच्या आधीपासून माहीत होते. मागे पोलिसांकडून फोनवर चौकशी झाली तेव्हा मी “मला काही कल्पना नव्हती” असे सांगितले. ते खोटे होते.

पोळ्याच्या आधी गेम बाहेर आला. खेळणाऱ्यांनी भरभरून चांगले लिहिले. पहिली मुलाखत माझ्या चॅनेलला मिळणार असे मी धरून चाललो होतो. तिने तसा शब्द दिलेला नव्हता. तिने ती पुण्याच्या एका मोठ्या चॅनेलला दिली, कारण त्यांनी मागितली आणि मी मागितली नव्हती. माझ्या पोटात दुखले. मॅडमनी विचारले, एवढ्यावरून? होय, एवढ्यावरूनच. दुसरे एखादे बरे कारण सापडते का ते मी खूप शोधले, पण नाही.

त्याच आठवड्यात मी ‘एआयची चित्रे कशी ओळखावीत’ असा व्हिडिओ टाकला. एआयची चित्रे म्हणजे माणसाने न काढता संगणकाने बनवून दिलेली चित्रे. ती वापरून स्वतःची म्हणून विकणे ही खेळणाऱ्यांची फसवणूक आहे असे माझे मत आहे व ते आजही आहे. अशा चित्रांत हाताची बोटे चुकतात हे सगळ्यांना ठाऊक असते. मी त्यात काही गेमची चित्रे दाखवली आणि शेवटी ‘तागडी’मधला डावा हात मोठा करून म्हणालो, “बोटं मोजा बरं. मी काही म्हणत नाही. तुम्हीच ठरवा.” मी आरोप केला का, असे मॅडमनी विचारले. मी आरोप केला नाही, प्रश्न विचारला. उत्तर मला माहीत होते.

त्या चित्राच्या खाली गेमच्या पानाचा भाग दिसत होता व त्यात धम्मशीलाचा फोन नंबर होता. गेममध्ये काही अडले तर कळवा म्हणून तिने तो दिलेला होता. तो माझ्याकडून अनवधानाने राहिला असे मी फोनवरच्या चौकशीत सांगितले आहे. त्याच व्हिडिओत माझ्या दुकानाच्या पाटीवरचा माझा नंबर मी आठवणीने झाकला होता, हेही लिहून घ्यावे.

दुसऱ्या दिवसापासून गेमवर एकेक ताऱ्याचा पाऊस पडला. चोर, ढोंगी, लोकांची मेहनत लाटणारी, असे लिहिले गेले. लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी गेम उघडूनही पाहिला नव्हता. नंतर कोणीतरी तिचे आडनाव पाहिले आणि जातीवर आले. तिच्या नंबरवर अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. काय बोलले गेले ते या जबाबात लिहिण्यासारखे नाही. स्क्रीनशॉट फिर्यादीसोबत जोडलेले आहेत. सुरुवातीच्या काही कॉमेंट माझ्या व्हिडिओखाली होत्या. त्या मी वाचल्या होत्या आणि काहींना मी पसंतीचा लाल बदाम दिला होता.

धम्मशीलाने मला फोन केला. ती म्हणाली, “प्रेमभाऊ, तुमाले तर मालूम होतं.” मी म्हणालो की मी तुझे नाव कुठे घेतले. ती म्हणाली, “मंग आता घ्या ना. सांगा लोकाइले.” मी म्हणालो की दोन दिवस जाऊ दे, आपोआप थंड होईल. व्हिडिओ तेव्हा जोरात चालला होता. इतका माझा कोणताच व्हिडिओ चालला नव्हता, आणि तो उतरवणे माझ्या जिवावर आले.

त्यानंतर इंद्रभान अंभोरे माझ्या दुकानावर आले. त्यांनी शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. त्यांनी मुलीचा फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “हे तू वाच. मी बाप हाव, मले वाचवत नाही.” ते बाहेर बाकावर जाऊन बसले. मी मेसेज वाचले. एका ठिकाणी मला थांबावेसे वाटले, पण ते बाहेर बसलेले दिसत होते, म्हणून मी शेवटपर्यंत वाचले. फोन परत देताना मला त्यांच्याकडे बघता आले नाही. त्यांनी फक्त विचारले, “वाचलं?” मी हाव म्हणालो. ते निघून गेले. त्यांनी मला मारले असते तर बरे झाले असते असे मला वाटले.

त्या दिवशी मी व्हिडिओ उतरवला व दुसरा टाकला. त्यात मी सांगितले की हात खरा आहे, मी ती बाई पाहिली आहे, माझी चूक झाली. तो फार कोणी पाहिला नाही. त्याखाली पहिली कॉमेंट होती, “किती भेटले भाऊ?” दुसऱ्या एकाने लिहिले की हे माफीचे भाषणसुद्धा एआयकडून लिहून घेतलेले दिसते. माझ्या जुन्या प्रेक्षकांपैकी एकाने लिहिले, “प्रेमभाऊ विकला गेला.”

पुण्यात छोट्या गेमवाल्यांचा एक मेळावा होणार होता. त्यात ‘तागडी’ निवडलेला होता. या गदारोळानंतर तेथील लोकांनी धम्मशीलाकडे खुलासा मागितला. तिने चित्रांच्या मूळ फायली दिल्या. त्याही बनवता येतात, असे कोणीतरी त्यांना सांगितले. हे कळल्यावर मी तिला न विचारता त्यांना फोन केला आणि म्हणालो की ज्या बाईचा हात आहे तीच बाई मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवतो. आपण बिघडवले ते आपणच नीट करावे, असा माझा विचार होता. धम्मशीला नको म्हणत होती. मी तिच्या मागे लागलो. मेळावा हातचा जाईल, वर्षभराची मेहनत मातीत जाईल, असे म्हणून तिला तयार केले.

मी माझा फोन व स्टँड घेऊन सुलतानपूरला इंद्रभान यांच्या घरी गेलो. जनकाबाई ठेवणीतले लुगडे नेसून, केसांना तेल लावून बसल्या होत्या. पुण्याची माणसे गेमबद्दल बोलणार आहेत असे त्यांना वाटत होते, कारण मी तसेच सांगितले होते. कोणत्या गिऱ्हाइकाला वरून मूठभर टाकावे व कोणाला टाकू नये, हे विचारले तर काय सांगायचे, ते त्यांनी मनात जुळवून ठेवले होते. कॉल लागायच्या आधी त्यांनी ते मला सांगूनही दाखवले.

कॉलवर तिघे होते. ते सभ्यपणे बोलले. त्यांनी हात पुढे करा म्हटले. मग उलटा करा म्हटले. मग ते बोट वेगळे हलवून दाखवा म्हटले. व्हिडिओतही आजकाल फसवणूक होते, म्हणून हात चेहऱ्यासमोरून हळूहळू फिरवा म्हटले. जनकाबाईंनी तो हात तोंडासमोरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. नंतर एकाने विचारले की तिथे हजर असलेल्यांपैकी कोणी ते बोट धरून दाखवेल का. धम्मशीला उठली नाही. इंद्रभान दारात उभे होते, ते अंगणात निघून गेले. मी उठलो आणि ते बोट धरले. ठीक आहे म्हणेपर्यंत धरून ठेवले. जनकाबाई म्हणाल्या, “जन्माचं हाय बाप्पा, उपटून येत नाही.” तिघांनी आभार मानले व कॉल बंद केला. गेमबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही.

मेळाव्याचे पत्र आले की आता आमची शंका नाही. म्हणजे मी ज्यासाठी गेलो होतो ते झाले. जनकाबाईंनी धम्मशीलाला सांगितले, “पोरी, पाचच काढ. लोकाइले पाच पायजेत, तं पाच दे.” धम्मशीला बरेच दिवस ऐकत नव्हती. त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या असे मला इंद्रभान यांच्याकडून कळले. शेवटी तिने सगळे डावे हात नव्याने काढले आणि नवीन आवृत्ती टाकली. मेळाव्यातून तिने गेम परत घेतला.

नवीन आवृत्तीला चांगले शेरे येत आहेत. मी आज सकाळी येण्यापूर्वी पाहिले. चूक मान्य करून सुधारली म्हणून लोक तिचे कौतुक करत आहेत. ज्यांनी एक तारा दिला होता त्यांच्यापैकी काहींनी पाच केले आहेत. एकाने लिहिले आहे, “इंडी गेम असाच पाहिजे, खेळणाऱ्याचं ऐकणारा.” हे वाक्य माझे आहे. मी ते चॅनेलवर नेहमी वापरतो.

मी धम्मशीलाला फोन करून विचारले की तू असे का केलेस, आता तर सिद्ध झाले होते. ती म्हणाली, “तुमी बोटं मोजाले लावले ना लोकाइले. आता बराबर भरतेत.” त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही. साखरखेर्ड्याच्या बाजारात जायची माझी हिंमत झालेली नाही. प्रेरणा जाऊन आली. तिने सांगितले की जनकाबाईंचा डावा हात पदराखाली होता.

माझा फोन, चॅनेलचा पासवर्ड व मी उतरवलेल्या व्हिडिओची प्रत मी पोलिसांकडे दिली आहे. त्याखालच्या कॉमेंट कोणाच्या आहेत हे शोधायला मी मदत करीन. त्यातली काही पोरे मला ओळखतात, मी त्यांची नावे सांगितली आहेत. लोक काय म्हणतील म्हणून इंद्रभान फिर्याद मागे घ्यायचा विचार करत आहेत असे ऐकले. त्यांनी ती घेतली तरी माझा जबाब कायम ठेवावा. माझे नाव साक्षीदारात घ्यायचे की आरोपीत, ते पोलिसांनी ठरवावे. मला त्याबद्दल काही म्हणायचे नाही.

हा जबाब मॅडमनी संगणकावर घेतला व मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी “जनकाबाई हिच्या डाव्या हातास व्यंग असून” असे आले होते. ते मी काढायला सांगितले. मॅडम म्हणाल्या की कागदोपत्री असेच लिहितात. मी म्हणालो की तसे असेल तर मी सही करणार नाही. आता तेथे “त्यांच्या डाव्या हातास सहा बोटे आहेत” असे लिहिलेले आहे. ते मी स्वतः वाचून पाहिले. बाकीचेही माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करतो.

(प्रेम पुंजाजी काकड)