शिवण बाहेरून

बायको : सदरा उलटा घाला म्हणते मी.

टेलर : अगं, मी टेलर आहे. उलट्या सदऱ्यात केमोला गेलो तर गिऱ्हाइकं काय म्हणतील?

बायको : गिऱ्हाइकांच्या पाठीवर पुरळ नाही उठलेलं. शिवण तुम्हाला टोचतेय. नर्सबाईंनी काय सांगितलं? मऊ सुती कपडा, बिनवासाचं मलम आणि खाजवायचं नाही. काल फूटपट्टीने पाठ खाजवत होतात.

टेलर : माप घेत होतो.

बायको : स्वतःच्या पाठीचं? लेकीची झबली शिवलीत तेव्हा शिवण बाहेर ठेवलीत. बाळाला टोचते, एवढं कळत होतं ना?

टेलर : बरं बाई, घालतो उलटा. ती शाल दे जरा.

बायको : थांबा. हुडहुडी भरलीय तुम्हाला.

टेलर : पंख्याचा वारा लागला.

बायको : पंखा बंद आहे.

टेलर : कुणाला सांगू नकोस. आज शेवटची केमो. ताप निघाला तर पुढे ढकलतील, मग लेकीचं बाळाला घेऊन येणंही पुढे. नातीला अजून फोटोतच बघतोय गं मी.

बायको : मलाही बघायचीय ती. तुमच्यासोबत. थर्मामीटर घ्या तोंडात. आता मी बोलणार आणि तुम्ही गप्प. लग्नापासून वाट बघत होते.

टेलर : अं अं.

बायको : ताप नाही. तरी फोन लावते. थंडी वाजली की कळवायचं म्हणजे कळवायचं.

नर्स (फोनवर) : बरं केलंत कळवलंत. लगेच घेऊन या. आधी रक्त तपासू, मग डॉक्टर ठरवतील.

(हॉस्पिटल. केमोची खोली. टेलर खुर्चीत, अंगात उलटा सदरा, पायांवर ब्लँकेट.)

नर्स : रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर हो म्हणाले, सलाईन सुरू. पुन्हा थंडी वाजली तर बेल दाबायची. लपवायचं नाही, टेलरकाका.

टेलर : आता कसलं लपवतो? आतली शिवणसुद्धा चव्हाट्यावर आलीय.

नर्स : पलीकडच्या आजी तीच बघतायत मघापासून. म्हणतात, आतून इतकं नेटकं काम कोण करतं? त्यांनाही पुरळ आहे. असाच सदरा हवाय, पण बटणं बाहेरून.

बायको : ऐकलंत? इतकी वर्षं मी एकटीच बघत होते ते काम.

टेलर : आजींना सांगा, शिवून देतो. पण दुसरा नंबर त्यांचा.

नर्स : पहिला कुणाचा?

टेलर : नातीचं झबलं. माप तेवढं तिला समोर बसवून घेईन म्हणतो.