एकमताने

वर्ध्याच्या बसस्थानकावर आचल आंजीच्या गाडीची वाट पाहत बसली होती. ती शिकवत असलेला समाजशास्त्र विभाग बंद करण्याचा ठराव कॉलेजच्या समितीने एकमताने केला होता आणि त्यावर विभागप्रमुख भोयर सरांचीही सही होती. त्या रागात ती महिनाभर त्यांना दवाखान्यात भेटायला गेली नाही. काल सर वारले, तर मातीलाही गेली नाही.

मागच्या बाकावरून कॉलेजचा शिपाई रूपराव याचा आवाज आला. सोबत त्याची वहिनी होती. आचल त्यांना दिसली नव्हती.

“भाऊजी, कालपासून जेवले नाई तुम्ही.”

“वैनी, कोणाले सांगू नका. भोयर सराईची सही मीच आणली होती दवाखान्यातून.”

“मंग काय झालं? साहेबानं पाठवलं, तुम्ही गेले.”

“सराईचा उजवा हात लकव्यानं गेलता. पेन धरता येत नव्हता.”

“मंग सही कशी केली?”

“म्या पेन त्याईच्या बोटात अडकवला अन् वरून हात धरून फिरवला. प्राचार्यानं बजावलं होतं, सहीबिगर वापस येऊ नको.”

“कायचा कागद आहे, हे त्याईले समजत होतं?”

“सारं समजत होतं. म्या वाचून दाखवला न.”

आचल मागे वळली.

“रूपरावभाऊ, सर काहीच बोलले नाहीत?”

रूपराव उठून उभा राहिला.

“वाचा गेलती, मॅडम. डावा हात तेवढा चालू होता. त्याच हातानं माहं मनगट धरून ठेवलं होतं.”

“मग?”

“एकेक बोट सोडवा लागलं, मॅडम.”