बंदरावरची जांभळी

मंडळी, ऐका. आज मी एक प्रश्न पदराला बांधून आणलाय. सोडते.

ज्याच्या पंगतीतलं एक ताट कायमचं उचललं गेलंय — त्यानं देवापुढं उभं राहून, 'देवा, तुझ्या जगात काही उणं नाही' असं म्हणावं का? म्हटलं, तर जीभ खोटं बोलली! न म्हणावं, तर नेम मोडला! आता काय करायचं? … माना खाली घालू नका. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मीही घातली होती.

उत्तर माझ्याजवळ नाही. ते आहे मिल्काबाईजवळ. ती कोण, ते सांगते.

आपल्याच अष्टागरात, खाडीच्या तोंडाशी करंजटेंभी म्हणून एक वाडी होती. तिथं नऊ घरं बेने इस्राएलांची. यहुदी लोक, तेलाचा धंदा. गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. का? तर शनिवार आला की घाणा बंद! चूल बंद! बैलसुद्धा मोकळा! अहो, आठवड्याला बैलाला सुट्टी देणारी माणसं ती — आपल्याकडे सुनेला मिळते का? … हसल्या बघा सुना. सासवा नाही हसल्या!

तर त्यांच्यात एक सुंदर नेम आहे. वर्षातनं एकदा, निसान महिन्यात — आपला चैत्र धरा — फुललेलं फळझाड पाहायचं, आणि त्याच्यासमोर उभं राहून देवाला धन्यवाद द्यायचा; ते त्याला आशीर्वाद म्हणतात. काय म्हणायचं? 'परमेश्वरा, तू धन्य! ज्यानं आपल्या जगात काहीच उणं ठेवलं नाही. ज्यानं चांगले जीव आणि चांगली झाडं केली, माणसांनी त्यांचं सुख घ्यावं म्हणून!' इतकंच. पण त्याला शिस्त आहे, बरं का! झाड फळाचंच हवं. फुलावर असायला हवं, फळावर नव्हे. एक नको, त्या वाडीत दोन झाडं पाहायचा रिवाज. आणि घरात बसून नाही, उठून झाडापाशी जायचं!

मिल्काबाई म्हणजे नेमाची बाई. सोमवार-गुरुवार उपास. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत खोबरेल तेलाचा दिवा. हात धुतल्याशिवाय घास नाही, देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. तिचा एकुलता एक मुलगा समाजी, तेविशीचा, तेलाचे बुधले होडीत घालून पलीकडच्या बाजाराला जायचा. एकदा गेला. संध्याकाळी होडी आली, उलटी होऊन, ओहोटीबरोबर. समाजी आला नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. शेवटचं तोंड पाहायलाही नाही मिळालं, मंडळी.

बाईनं रडणं आवरलं. नेम एकही सोडला नाही. फक्त एक गोष्ट झाली — ती कुणालाच कळली नाही, असं तिला वाटत होतं. दरवर्षी निसानात सारी वाडी विहिरीवरच्या दोन जांभळींखाली जमायची. म्हातारा हसाजी एकेक शब्द सांगायचा, सगळे मागून म्हणायचे. हसाजी म्हणजे त्यांचा हज्जान, प्रार्थना सांगणारा. मिल्काबाईही म्हणायची. पण 'काहीच उणं ठेवलं नाही' हे शब्द आले — की तिचे ओठ मिटायचे. ते पुढं गेले की उघडायचे. सात वर्षं! जिभेनं कधी खोटं बोलायचं नाही, हाही तिचा नेमच ना? एक नेम पाळायला दुसरा नेम मोडत होता. घरी येऊन ती रात्री उपाशी झोपायची. प्रायश्चित्त!

आठव्या वर्षी काय झालं, ऐका.

त्यांच्याही पंचांगात अधिक महिना असतो. त्या साली होता. मिल्काबाईचा धाकटा दीर इसाजी ओटीवर बसून सगळ्यांना सांगत सुटला, "अधिक महिना आहे! यंदा भरपूर वेळ आहे!" हसाजी तापानं अंथरुणाला खिळलेला, म्हटलं, बरा झाला की जाऊ. मग पेसाहचा सण आला. घरं सारवा, भांडी बदला. उद्या जाऊ. परवा जाऊ. अहो, पण अधिक महिन्याचं झाडांना कुणी कळवलं होतं का? झाडं का पंचांग वाचतात? ती आपली फुलली आणि फळाला लागली!

हसाजी उठला तो निसानच्या एकोणतिसाव्या दिवशी. उद्याचा एक दिवस, की महिना संपला. आणि उठला तो कसा? मोतीबिंदू आधीपासून होताच. गेल्या साली एका डोळ्याला झाड दिसत होतं. यंदा काही नाही. काळोख.

सगळी वाडी त्याच्या अंगणात जमली. गडबड उडाली!

इसाजी म्हणाला, "काका, आंबा आहे की माझ्या दारात!"

हसाजी म्हणाला, "इसाजी, तुझ्या आंब्याच्या कैरीचं लोणचं काल मी जेवणात खाल्लं. लोणचं घालून झाल्यावर मोहराचं कौतुक?"

"मग पांगारा बघा! लालभडक फुललाय!"

"पांगाऱ्याचं फळ खातोस तू?"

"नारळ? नारळ तर बाराही महिने फुलतो!"

"जो बाराही महिने फुलतो, त्याच्याकडं मान वर करून पाहिलंस कधी? नवल वाटलं पाहिजे, बाबा!"

इसाजी हरणारा नव्हे. धावत गेला, विहिरीवरच्या जांभळीची फुललेली डहाळी मोडून घेऊन आला. "हे घ्या! इथंच म्हणा!"

त्याची बायको रिबका होती बाजूला. जीभ सुरीसारखी! ती म्हणाली, "वा! देवाच्या झाडाचा हात मोडून आणलात, आणि आता त्याचे उपकार मानणार!"

हसाजी हसला. मग म्हणाला, "डहाळी नाही, झाड. आपण जायचं, ते येत नाही. विहिरीवरची दुसरी जांभळी?"

"तिनं हिरव्या गोट्या धरल्या, काका. फूल नाही."

"म्हणजे एकच उरली. दुसरी कुठं?"

मंडळी, सगळ्यांना माहीत होतं दुसरी कुठं ते. पण मिल्काबाईसमोर बोलणार कोण?

शेवटी तीच बोलली. "बंदरावर आहे. खाऱ्या पाण्यावरची जांभळी उशिरा फुलते."

बंदर म्हणजे तरी काय — चार दगडांचा धक्का! पण त्या धक्क्यावरच्या जांभळीला समाजीची होडी बांधलेली असायची. सात वर्षांत तिनं तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. मासळीलासुद्धा लांबच्या वाटेनं जायची.

"ठीक," हसाजी म्हणाला. "विहिरीवरची बघून बंदरावर जाऊ. आता म्हणणार कोण? हा आशीर्वाद डोळ्यांनी पाहणाऱ्याचा. मला दिसत नाही, म्हणजे मी सांगायचा नाही. पोथी वाळवीनं खाल्ली. शब्द पाठ कुणाला आहेत?"

इसाजी पुढं सरकला. रिबकेनं त्याचा सदरा धरून मागं ओढला. "तुम्ही गप्प बसा! मागच्या शुक्रवारी भाकरीवर मनुकांच्या सरबताचा आशीर्वाद म्हणालात!"

"मिल्काला पाठ आहे," हसाजी म्हणाला. "मिल्का म्हणेल. आम्ही सारे 'आमेन' म्हणू. ऐकून 'आमेन' म्हटलं की आमचंही झालं."

सात वर्षं नऊ घरांच्या आवाजात मिल्काबाईचं गप्प राहणं लपत होतं. आता एकटीचा आवाज. ती हसाजीजवळ गेली, वाकून हळूच म्हणाली, "काका, मला नका सांगू. मला त्यातलं… सगळं येत नाही."

"येतं तुला."

"काका—"

"पोरी," म्हातारा तिच्यापुरतं बोलला, "नजर जायला लागली की कान जागे होतात. त्या शब्दांवर तुझा आवाज थांबतो. सात वर्षं ऐकतोय."

तिनं तोंडावर पदर धरला. "मग रागावला का नाहीत?"

"कशाला? तू देवासमोर खोटं बोलत नव्हतीस. बाकीचे आम्ही न ऐकताच म्हणत होतो!"

काय माणूस असेल तो, मंडळी! मी असते तर म्हटलं असतं, 'अगं, मन मोठं कर. देवाची मर्जी.' दुसऱ्याच्या दुःखावर सांगायला आपल्याजवळ मर्ज्या फार असतात!

"आज माझ्या तोंडून ते निघणार नाही, काका. माझ्या घरात उणं आहे. मी कसं म्हणू?"

"म्हणू नकोस. तिथवर चल, झाड बघ. शब्द आले तर म्हण. नाही आले, तर सगळे मुकाट घरी येऊ. देव काही रागवायचा नाही." मग थांबून म्हणाला, "मला वाईट वाटेल, एवढंच. मला यंदा 'आमेन' म्हणायला तुझेच डोळे आहेत."

निघाली वाडी! विहिरीवर थांबले. मिल्काबाईनं पहिलं झाड पाहिलं, मान हलवली. मग बंदराची वाट. पाय ओढवत नाहीत, मंडळी! पायात दगड बांधल्यासारखं झालंय! रिबका — सगळ्यांना टोचून बोलणारी रिबका — कधी तिच्या शेजारी आली कळलंच नाही. एक शब्द बोलली नाही. जावेचं कोपर धरून चालत राहिली.

धक्का अजून दिसत नव्हता. मध्ये केवड्याचं बन. हसाजी एकदम थांबला.

"थांबा! हा कसला आवाज?"

सगळे थांबले. आणि ऐकू आलं… हा माझ्यामागं तंबोरा चाललाय ना? तसा! एकच सूर, न तुटणारा. वारा नाही, लाट नाही. झाड लागलं होतं, मंडळी! स्वरात लागलं होतं! बन ओलांडलं आणि समोर जांभळी. पान दिसू नये इतकी फुललेली. बारीक, पांढरट तुरे, आणि तुऱ्यातुऱ्यावर मधमाश्या, हजारो! आणि खाली? राजगिऱ्याच्या लाह्या उधळाव्यात तशी जमीन पांढरी. धक्का पांढरा. पाण्यावर पांढरी साय. फूल गळत होतं, गळत होतं, गळतच होतं — आणि वर पाहावं, तर झाड भरलेलं! इतकं सांडून भरलेलं!

सगळ्यांनी माना वर केल्या. इसाजीनंसुद्धा! त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली, आणि उभा राहिला.

मिल्काबाई झाडाजवळ गेली. बुंध्याला हात लावला. हाताला खोबण लागली. खाली पाहिलं — काथ्याच्या दोराच्या वेढ्याची खूण! समाजी होडी सोडायचा, तेव्हा झाडाचा वेढा तिथंच राहायचा. सात वर्षांत झाड वाढलं होतं. वाढता वाढता साल त्या दोरावर चढली होती. दोर दिसत नव्हता. झाडानं तो पोटात घेतला होता. बाहेर राहिली होती फक्त गाठ. समाजीची गाठ, डाव्या हातानं मारलेली. तो डावखुरा होता. आईच्या बोटांनी ओळखली.

घरी त्याचं काही उरलं नव्हतं, मंडळी. आणि इथं एका झाडानं त्याच्या हाताची गाठ सात वर्षं सांभाळली होती! कुणी सांगितलं होतं झाडाला?

तिनं हात तसाच ठेवला. मान वर केली. तोंड उघडलं.

"परमेश्वरा, तू धन्य… ज्यानं आपल्या जगात—"

थांबली.

हसाजीनं शब्द पुरवला नाही. कुणीच पुरवला नाही. माश्यांचा सूर तेवढा चालू. तिच्या केसांवर फुलं पडत होती.

सात वर्षं ती ते वाक्य आपल्या घराला लावून पाहत होती, आणि ते बसत नव्हतं. कसं बसेल? पण नेम सांगणाऱ्यानं 'तुझ्या घरात' असं कुठं म्हटलंय? 'आपल्या जगात' म्हटलंय! त्याच्या! माझ्या घरातनं जे गेलं, ते माझ्या घरात उणं आहे. उणंच राहील. पण ते त्याच्या जगाबाहेर कुठं जाणार? त्याच्या जगाला बाहेर आहेच कुठं?

ती म्हणाली. मोठ्यानं नाही. पण खाडीच्या पलीकडं गेलं असेल, असं म्हणाली —

"ज्यानं आपल्या जगात काहीच उणं ठेवलं नाही! ज्यानं चांगले जीव—" इथं आवाज फाटला, पण थांबला नाही — "चांगले जीव आणि चांगली झाडं केली, माणसांनी त्यांचं सुख घ्यावं म्हणून!"

"आमेन!" हसाजी म्हणाला. आंधळ्या डोळ्यांतनं पाणी! "आमेन!" नऊ घरं म्हणाली. रिबकेला तर बोलताच येईना. तिनं नुसती मान हलवली. इसाजीनं हळूच विचारलं, "काका, मान हलवली तर चालतं?" म्हातारा म्हणाला, "आजच्या दिवस चालतं!"

*उणे माझ्या दारी, पुरे तुझ्या घरी,*
*सांडले ते सारे, देवा, तूच धरी…*

म्हणा माझ्याबरोबर!

त्या रात्री मिल्काबाई जेवली. पुढं ती गेली तोवर दरवर्षी, पहिलं झाड विहिरीवरचं आणि दुसरं बंदरावरचं. मासळीलाही ती जवळच्या वाटेनं जाऊ लागली. समाजी परत आला का? नाही. तसं मी तुम्हाला सांगणार नाही. तेही खोटंच झालं असतं, आणि मिल्काबाईच्या गोष्टीत मी खोटं कशी घालू?

आता तुमच्याकडं वळते. रोज आरती म्हणता. माझ्यासारख्या नेमानं म्हणता. टाळ्या वाजवता, सूर लावता. एखाद्या ओळीवर तुमचे ओठ मिटतात की नाही? मिटतात! शेजारच्याला कळत नाही, कारण तो जोरात म्हणत असतो! कुणाचा मुलगा, कुणाचा धनी, कुणाची कूस. मी विचारणार नाही. मिटलेल्या ओठांचा देवाला राग नाही, हे हसाजीनं सांगितलंय.

पण तुमचं बंदर कुठं आहे, ते तुम्हाला माहीत आहे. ज्या वाटेनं तुम्ही जात नाही, ती वाट. उद्या सकाळी एकदा जा. एकटं जाता येत नसेल, तर कोपर धरणारी एखादी जाऊ घेऊन जा — टोचून बोलणारी असली तरी चालेल! तिथं काय फुललंय, ते आधी बघा. बुंध्यावर हात ठेवा. तोंड उघडायची घाई करू नका. आपण थांबलो, तरी फूल गळायचं थांबत नाही, आणि झाड रितं होत नाही.

तंबोरा असाच राहू द्या थोडा वेळ. डोळे मिटा. ऐका.